बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या वाचनालयासाठी विज्ञान कादंबऱ्या आणि अद्भुत कादंबऱ्या सुचवा

धागाकर्ती, खानापूर तालुका

सर्वांना नमस्कार. आमच्या गावात युवक मंडळाच्या खोलीत एक लहान वाचनालय आहे आणि गेली सहा वर्षे तिथली देवघेव मी सांभाळते. दोन लोखंडी कपाटे, एक लाकडी बाक आणि पावसाळ्यात पुस्तकांना कसर लागू नये म्हणून कप्प्यांत ठेवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याच्या पुरचुंड्या, एवढाच आमचा पसारा आहे. ऐतिहासिक कादंबऱ्या भरपूर आहेत, संतवाङ्मय आहे, दिवाळी अंकांचे गठ्ठे आहेत. यंदा गणेशोत्सवाच्या वर्गणीतून उरलेले सहा हजार रुपये मंडळाने पुस्तकांसाठी दिले, तेव्हा ते सगळे विज्ञान कादंबऱ्यांवर आणि अद्भुत कादंबऱ्यांवरच खर्च करावेत असा आग्रह मी धरला.

त्याचे कारण देवघेवीच्या वहीत आहे. जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह आमच्याकडे आहे. त्याच्या पाठीचा कापडी पट्टा निघाला आहे, तारखांचा कागद भरल्यामुळे त्याच्यावर दुसरा कागद चिकटवावा लागला आहे आणि त्या दुसऱ्या कागदावरच्या सात तारखांपैकी चार एकाच मुलाच्या नावावर आहेत. हा मुलगा नववीत, मराठी शाळेत शिकतो. चौथ्यांदा पुस्तक परत करताना त्याने मला विचारले, “ताई, ह्याच्या पुढचं काय आहे?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

मराठी पुस्तके आधी हवीत. कन्नडही चालतील, कारण आमची मुले शाळेत कन्नड शिकतात आणि चांगली वाचतात. इंग्रजी असेल तर भाषा फार जड नसावी. माझी एकच विनंती आहे की नुसती गाजलेल्या पुस्तकांची यादी देऊ नये. पुस्तकातली कोणती गोष्ट आपल्या भागातल्या वाचकाला धरून ठेवील, तेवढे आवर्जून लिहावे.

निवृत्त शिक्षक, निपाणी

ताई, तुमच्या त्या विद्यार्थ्याला माझा आशीर्वाद सांगा. त्याने सुरुवात योग्य ठिकाणी केली आहे, आता त्याला कथेकडून कादंबरीकडे न्यायचे आहे. माझ्या मते त्याच्या हाती आधी ‘प्रेषित’ द्यावी आणि ती संपली की ‘वामन परत न आला’. परग्रहावरच्या प्रगत संस्कृतीशी संबंध हा ‘प्रेषित’चा विषय आहे. दुसऱ्या कादंबरीत खोदकामात एका लुप्त संस्कृतीची पेटी सापडते, तिच्यातील ज्ञानाच्या आधारे यंत्रमानव घडवला जातो आणि ते ज्ञान मागे ठेवणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे उशिरा कळते. मी वर्गात ही कादंबरी भागाभागाने सांगत असे आणि पेटी उघडण्याच्या आदल्या तासाला घंटा झाली तरी मुले जागची हलत नसत. आपल्याकडे विहीर खणताना किंवा घराचा पाया काढताना काही सापडले, की गल्ली गोळा होते. तीच उत्सुकता या कादंबरीला पहिल्या पानापासून मिळते.

त्याला आणखी एक हकिकत सांगा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली होती. जयंत विष्णु नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलटी केली की हे नाव मिळते. जगभर ओळखला जाणारा खगोलशास्त्रज्ञ स्वतःचे नाव झाकून स्पर्धेत उतरला आणि पहिले बक्षीस घेऊन गेला. ते मूळचे कोल्हापूरचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. २० मे २०२५ रोजी ते गेले, त्या दिवशी मी माझ्याकडची ‘प्रेषित’ पुन्हा एकदा सलग वाचून काढली.

नारळीकरांखेरीज बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे आणि सुबोध जावडेकर यांची पुस्तके जरूर घ्या. लोंढे यांनी चिंतामणी देशमुख यांच्याबरोबर लिहिलेली ‘देवांसि जिवे मारिले’ ही कादंबरी मोठ्या वाचकांना आवडेल. अरुण साधूंची ‘विप्लवा’ राजकारणाची आवड असणाऱ्यांना द्या. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. आपल्या काही जुन्या विज्ञानकथांत गोष्ट बाजूला राहते आणि प्राध्यापक पात्र चार पाने शास्त्र समजावून सांगत बसते. मुलांचा पहिला अनुभव तसा व्हायला नको, म्हणून निवड करताना मधली दहा पाने उघडून पाहावीत आणि तिथे माणसे काही करताना दिसली तरच पुस्तक घ्यावे.

शेतकरी वाचक, अथणी

मी एकच पुस्तक सुचवतो. फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ ही १९६५ सालची इंग्रजी कादंबरी आहे. ती जाड आहे, आणि सुरुवातीची शंभर पाने नावांच्या गर्दीत जातात, हे आधीच सांगून ठेवतो. पण ती पाण्यावरची कादंबरी आहे आणि पाण्याविषयी आमच्या तालुक्याला कोणी शिकवायची गरज नाही. एका वर्षी टँकरच्या रांगेत घागरी आणि दुसऱ्या वर्षी कृष्णेच्या पुरात गोठा, हे दोन्ही आम्ही पाहिले आहे.

त्यात एक प्रसंग आहे. अराकिस नावाच्या वाळवंटी ग्रहावर नवा सरदार आला आहे आणि तिथल्या मूळ रहिवाशांचा एक प्रमुख त्याला भेटायला येतो. बोलणे झाल्यावर तो प्रमुख सरदाराच्या समोरच्या मेजावर थुंकतो. सरदाराची माणसे संतापून उठतात. तेव्हा त्या लोकांत राहून आलेला एक जण सगळ्यांना थांबवतो आणि सांगतो की जिथे पाण्याचा थेंब सोन्याहून महाग आहे, तिथे आपल्या अंगातले पाणी दुसऱ्याला देणे हा मोठा सन्मान आहे. हे वाचताना मला माझ्या आजीची आठवण झाली. दुष्काळात दारी आलेल्या माणसाला ती गुळाच्या खड्याबरोबर पाण्याचा तांब्या द्यायची आणि तो रिकामा होईपर्यंत समोर उभी राहायची. लेखक अमेरिकेतला आणि ग्रह कल्पनेतला असला तरी त्या मेजावरचे पाणी मला ओळखीचे वाटले.

वाचक, शहापूर, बेळगाव

ताई, तुम्ही विचारलेल्या प्रश्नावर मी बरीच वर्षे विचार करत आलो आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. माझे मत असे आहे की विज्ञान कादंबरी वाचण्याची अर्धी तयारी सीमाभागातल्या माणसाची जन्मापासूनच झालेली असते. या साहित्यात दोन जगे एकमेकांना भेटतात, भाषा अडते, नावे बदलतात, नकाशावरची रेषा घराच्या अंगणातून जाते. हे सगळे इतरांना कल्पना करून समजून घ्यावे लागते. आपल्याला ते रेशनकार्डापासून दुकानाच्या पाटीपर्यंत रोज दिसते.

पहिले पुस्तक अर्सुला ले ग्विन यांचे ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’. ते १९६९ साली आले आणि त्याला ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञान साहित्यातले दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले. सतत थंडी असणाऱ्या एका ग्रहावर दुसऱ्या जगाचा दूत एकटाच आला आहे. तिथली माणसे कायमची स्त्री किंवा कायमची पुरुष नसतात, आणि बहुतेक लोक या पुस्तकाची ओळख तेवढीच करून देतात. माझ्या मनात मात्र त्यातले सिनोथचे खोरे राहिले आहे. कारहाइड आणि ओर्गोरेन या दोन राष्ट्रांमध्ये त्या खोऱ्यावरून वाद आहे. कारहाइडचा पंतप्रधान एस्त्रावेन तिथल्या शेतकऱ्यांचे रक्त सांडू नये म्हणून त्यांना खोऱ्यातून हलवायला मदत करतो आणि त्याबद्दल देशद्रोही ठरून हद्दपार होतो. पुढे तो दूताला म्हणतो, त्याचा आशय असा की मला माणसे ठाऊक आहेत, शेते, टेकड्या आणि नद्या ठाऊक आहेत, पण त्या प्रेमाला रेषेपाशी थांबायला कसे सांगायचे? हे पान मी पहिल्यांदा बेळगावहून निपाणीला जाणाऱ्या बसमध्ये वाचले. खिडकीबाहेर उसाचे फड होते, आणि पुढचे पान उलटायला मला बराच वेळ लागला. आपला सीमाप्रश्न १९५६ पासूनचा आहे आणि माझी त्याबाबतची मते ठाम आहेत. या कादंबरीने ती मते बदलली नाहीत, पण रेषेपलीकडच्या शेतकऱ्याचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आणला.

दुसरे पुस्तक अँडी वेअर यांचे ‘प्रोजेक्ट हेल मेरी’, २०२१ सालचे. याची इंग्रजी सोपी आहे आणि नायक शाळेत विज्ञान शिकवणारा शिक्षक आहे, त्यामुळे तुमच्या नववीतल्या मुलाला हे दोन वर्षांत नक्की जमेल. सूर्याचे तेज कमी होऊ लागले आहे, उपाय शोधायला गेलेला हा शिक्षक अंतराळात एकटा जागा होतो आणि तिथे त्याला दुसऱ्या ताऱ्याकडून आलेला एक जीव भेटतो. तो जीव स्वरांत बोलतो. माणसाच्या गळ्यातून ते स्वर निघत नाहीत आणि त्याला माणसाचे शब्द उच्चारता येत नाहीत. मग दोघे एकमेकांची भाषा समजायला शिकतात आणि प्रत्येक जण शेवटपर्यंत आपल्याच भाषेत बोलतो. आपल्या आठवडी बाजारात आई कोथिंबिरीच्या पेंडीचा भाव मराठीत विचारते, समोरची बाई “हत्तु रूपायी” म्हणते, आई मराठीतच घासाघीस करते आणि पेंडी पिशवीत पडते. हे दृश्य मी हजार वेळा पाहिले असेल. अंतराळातल्या त्या दोघांचे पहिले संभाषण वाचताना मला नवल वाटले नाही, फार आनंद झाला.

तिसरे पुस्तक फक्त मोठ्यांसाठी, चायना मिएव्हिल यांचे ‘द सिटी अँड द सिटी’. बेझेल आणि उल कोमा ही दोन शहरे एकाच जमिनीवर वसली आहेत आणि दोन्हीकडच्या नागरिकांना लहानपणापासून शिकवले जाते की दुसऱ्या शहराचे माणूस, घर, गाडी समोर दिसली तरी पाहायची नाही. मांडणी पोलिसी तपासाची आहे. ते वाचल्यानंतर खडे बाजारातून जाताना मी कोणत्या पाट्या वाचतो आणि कोणत्या वाचत नाही, याकडे माझे लक्ष जाऊ लागले.

एक आई, अनगोळ

वरचा प्रतिसाद मला फार आवडला, तरीही एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. सीमाप्रश्नाच्या ओझ्यातून मुलांना एखादी दुपार तरी सुटका हवी असते. नववीतल्या मुलाने पुस्तक उघडले की त्याला आधी पुढचे पान उलटावेसे वाटले पाहिजे, आपल्या भागाशी त्याचे नाते काय हे तो चाळिशीत शोधील. म्हणून अद्भुत कादंबऱ्यांना या कप्प्यात निम्मी जागा द्या. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ मराठीत आहे. टोल्कीन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही मोठी कादंबरी मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणली आहे. गौरी देशपांडे यांनी मराठीत आणलेले अरेबियन नाइट्सचे सोळा खंड मोठ्यांसाठी आहेत, तेवढे वरच्या कप्प्यात ठेवा.

माझ्या मनातले पुस्तक ले ग्विन यांचेच, पण १९६८ सालचे ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’. माझी मुलगी बारा वर्षांची असताना मी ते रात्री इंग्रजीतून वाचत असे आणि तिला लगेच मराठीत सांगत असे. त्यातला शेळ्या राखणारा मुलगा जादू शिकतो, गर्वाच्या भरात एक भयंकर गोष्ट जगात सोडतो आणि ती त्याच्या मागे लागते. इंग्रजीत तिला सावली म्हटले आहे. मी तसेच सांगितले, तर मुलगी म्हणाली, “आई, सावली चांगली असते, आपण उन्हात सावलीला बसतो की.” मी छाया म्हणून पाहिले, तेही तिला गोड वाटले. तिसऱ्या रात्री तिनेच ‘पडछाया’ हा शब्द काढला आणि तो उच्चारताना पांघरूण नाकापर्यंत ओढून घेतले. त्या कादंबरीत प्रत्येक वस्तूला एक खरे नाव असते आणि ते ज्याला कळते त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. विद्यार्थ्यांना एका एकाकी मनोऱ्यात राहून नावांच्या याद्या पाठ कराव्या लागतात. पडछायेचे मराठी नाव सापडेपर्यंत आम्ही दोघी त्या मनोऱ्यातच होतो असे मला आजही वाटते.

जीएंचा वाचक, बेळगाव कॅम्प

इतक्या प्रतिसादांत जी. ए. कुलकर्णी यांचे नाव आले नाही, याचे आश्चर्य वाटले. ते बेळगावात वाढले आणि पुढे धारवाडला त्यांनी इंग्रजी शिकवले. त्यांच्या ‘रमलखुणा’ या १९७५ सालच्या पुस्तकात ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोनच दीर्घकथा आहेत. कोणता देश, कोणता काळ, हे त्यांत सांगितलेले नाही. वाळू, समुद्र, भविष्यवाणी आणि नियतीशी भिडणारी माणसे आहेत. समीक्षक त्यांना रूपककथा म्हणतात. मला त्या मराठीतल्या अस्सल अद्भुत कादंबरिका वाटतात आणि ज्या वाचकाला टोल्कीन आवडतो त्याला ‘इस्किलार’ न देणे म्हणजे घरचे ताट झाकून ठेवणे आहे.

निवृत्त शिक्षक, निपाणी

जीएंविषयी पूर्ण सहमत आहे. मात्र नववीतल्या मुलाला आत्ता नको. अकरावीत द्यावे आणि दिल्यावर आठ दिवस काही विचारू नये.

कन्नड शिकवणारी मराठी शिक्षिका, चिकोडी

कन्नड चालेल असे धाग्याच्या सुरुवातीलाच लिहिले आहे, म्हणून पूर्णचंद्र तेजस्वी यांची ‘कर्वालो’ ही १९८० सालची कादंबरी सुचवते. भाषा बोलीच्या जवळची आहे, आकार लहान आहे आणि आपल्या शाळांतून दहावीपर्यंत कन्नड शिकलेल्या मुलांना ती अडत नाही. एक शेतकरी गोष्ट सांगतो आहे. कर्वालो नावाचे शास्त्रज्ञ, मंदण्णा नावाचा गावातला उडाणटप्पू समजला जाणारा तरुण, मधमाश्यांची पेटी, आणि या सगळ्यांना घेऊन पश्चिम घाटाच्या जंगलात ‘हारुव ओति’ म्हणजे उडणाऱ्या सरड्याचा शोध. यात अंतराळयान नाही, यंत्रमानवही नाही, त्यामुळे काही जण याला विज्ञान कादंबरी म्हणणार नाहीत. माझ्या दृष्टीने ही त्या नावाला पुरेपूर पात्र आहे, कारण कोट्यवधी वर्षांची उत्क्रांती एका झाडाच्या खोडावर बसलेली दिसते आणि गावाने ज्याला वाया गेलेला ठरवले त्याची नजरच शास्त्रज्ञाच्या उपयोगी पडते. खानापूरच्या मुलांना तर ते जंगल घराच्या मागेच आहे.

अद्भुतासाठी चंद्रशेखर कंबार यांना विसरू नका. ते आपल्याच जिल्ह्यातल्या घोडगेरीचे आहेत. त्यांच्या ‘शिखरसूर्य’ या कादंबरीत औषधी विद्या आणि सत्तेचा हव्यास यांची गोष्ट लोककथेच्या बाजाने येते. ती मोठ्यांसाठी आहे आणि कन्नड चांगले हवे.

वाचक, गोकाक

खरेदीपूर्वी एक सूचना. मी एका विक्रेत्याकडून जगप्रसिद्ध विज्ञान कादंबरीचा मराठी अनुवाद मागवला होता. मुखपृष्ठावर काहीच लिहिलेले नव्हते, आतल्या पानावर बारीक अक्षरात ‘संक्षिप्त’ असे छापले होते आणि मूळ पुस्तकाचा तिसरा हिस्सासुद्धा त्यात नव्हता. गोष्ट तीच होती, पण माणसे एका ओळीत मरत होती. ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स यांच्या बाबतीत हे विशेष घडते. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला तो मुलांना आपलासा वाटेल अशा भाषेत, आणि त्या पुस्तकांची गोडी वेगळी आहे, ती मिळाली तर अवश्य घ्या. बाकी अनुवाद घेताना पृष्ठसंख्या आणि अनुवादकाचे नाव आधी पाहावे. अनुवादकाचे नावच नसेल तर पुस्तक परत ठेवावे.

धागाकर्ती, खानापूर तालुका

सर्वांचे मनापासून आभार. उत्तराला दीड महिना उशीर झाला, कारण आधी पुस्तके हाती येऊ द्यावीत असे ठरवले होते. ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, जावडेकर आणि फोंडके यांचा एकेक संग्रह, ‘हॅरी पॉटर आणि परीस’, ‘रमलखुणा’, इंग्रजीतली ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ आणि ‘प्रोजेक्ट हेल मेरी’, आणि कन्नड ‘कर्वालो’, एवढी खरेदी झाली. ‘स्वामी मुद्रिकांचा’ पुढच्या वर्षीच्या पैशांतून घेऊ. अथणीच्या दादांची ‘ड्यून’ मी स्वतःच्या पैशांनी घेतली आहे आणि सध्या त्या नावांच्या गर्दीतच आहे. शहापूरच्या सरांनी सुचवलेली उरलेली दोन पुस्तके माझ्या वहीत लिहून ठेवली आहेत.

नववीतल्या त्या मुलापुढे मी सगळी पुस्तके बाकावर मांडली. तो ‘प्रेषित’ उचलील असे मला वाटले होते, आणि त्याने ती उचललीही, पण जाताना ‘कर्वालो’ दोन्ही बाजूंनी पाहिली आणि तीही मागितली. नियमाप्रमाणे एका वेळी एकच पुस्तक मिळते, म्हणून त्याने ‘कर्वालो’ ठेवली. घरी तो रात्री कन्नडमधून वाचतो आणि आजीला मराठीत सांगतो, कारण आजीला दोन्ही लिपी येत नाहीत. गेल्या आठवड्यात पुस्तक परत करायची तारीख होती, तेव्हा तो रिकाम्या हाताने आला. उडत्या सरड्याचा भाग आल्यापासून आजी वाचन थांबवते आणि लहानपणी माहेरच्या सुपारीच्या बागेत तिने तसा सरडा एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जाताना पाहिला होता ते सांगू लागते, त्यामुळे रोज दोन पानांच्या पुढे जाता येत नाही, असे तो म्हणाला. मी वहीत परतीची तारीख पंधरा दिवसांनी पुढे केली आहे.